नदीत टाकलेली अन्नपूर्णा

माझं गाव मालवणकडचं, पण जन्म लालबागच्या चाळीतला, शाळा चौथीपर्यंत, मग मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर, मिल बंद पडली तेव्हा वॉचमन. त्यात सांगण्यासारखं काय नाय. सांगण्यासारखं एकच, मी माझ्या बायकोची अन्नपूर्णा नदीत टाकली.

आमची शालिनी गेली गेल्या श्रावणात. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि देवाची पूजा मी एक दिवस केलेली नाय, ते तिचं खातं. सुतकात देवाला हात लावायचा नाय, तेरा दिवस फुलं तशीच सुकली. तेरावं झालं, शेजारी बोलले निर्माल्य कचऱ्यात नको, वाहत्या पाण्यात सोडा. मी देव्हाऱ्यातलं सगळं निर्माल्य ओंजळीने प्लास्टिकच्या पिशवीत भरलं, गाठ मारली, बस पकडून माहीमला गेलो आणि पुलावरून मिठी नदीत टाकलं. वर हात जोडले. काय सांगू तुम्हाला, पुण्य केल्यासारखा चालत होतो.

महिन्याच्या श्राद्धाला मुलगी आली, नंदा, डोंबिवलीला दिलीय. बोलली बाबा, आईची अन्नपूर्णा कुठाय? लग्नात माहेराहून आणलेली, पितळेची, अंगठ्याएवढी. फुलांखाली असणार ती. मी बोललो कपाटात ठेवलीय. बायको गेली तेव्हा रडलो नव्हतो, त्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडला.

रविवारी परत माहीमला. पुलाखाली वस्तीतल्या बायका, बाप्ये गमबूट घालून नदीतला कचरा काढत होते. दर रविवारी काढतात, कोणी सांगितलं म्हणून नाय, आपली आपण. त्यांची पुढारी हेमाताई, कोळीण, मासळी विकते. मी माझं सांगितलं, तर ती कमरेवर हात ठेवून बोलली, आजोबा, पुण्य तुमचं आणि पिशव्या आम्ही सोडवायच्या होय. खरंच होतं. मग तीच बोलली, टाकलेलं कुठे जात नाय, ओहोटीला जातं, भरतीला परत येतं, आमच्या जाळीला अडकतं. पिशव्यांत सापडलेले देव ती तेलाच्या डब्यात ठेवते. तो डबा तिने गोणपाटावर ओतला. नुसत्या अन्नपूर्णाच डझनभर. बोलली, घ्या तुमची.

आणि मला ओळखता येईना. जिच्यासमोर माझं जेवण शिजलं, तिचं तोंड मी कधी बघितलंच नव्हतं. कुठलीही उचलून न्यावी, असं मनात आलं, खोटं का बोलू. पण हात होईना. नंदाला फोन लावला, सगळं खरं सांगितलं. मग बोलली, येते.

आली ती सरळ उकिडवी बसली, एकेक उलटी करून बघितली, सहावी का सातवी उचलली. बोलली, बाबा, ही. बूड चेपलंय बघा, लहानपणी मी हिच्याने शेंगदाणे फोडायची, आईने लाटण्याने मारलेलं. आणि हसायला लागली, त्या घाणीच्या वासात. मी पण हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

अन्नपूर्णा तिने माझ्याकडेच ठेवली, बोलली रोज आंघोळ घालायची, नायतर घेऊन जाईन. आता दर रविवारी मी पण तिथेच असतो. पिशव्या फोडतो, फुलं खताच्या खड्ड्यात, प्लास्टिक वेगळं. पुलावरून कोणी टाकलं की शिवी तोंडात येते, मग स्वतःची आठवण येते, गिळतो. त्या वस्तीतल्या माणसांचं देव भलं करो, त्यांच्या चुली पेटत्या राहोत.

परवा चिंचेने घासताना दिसलं, आमच्या अन्नपूर्णेचं नाक जरा बसकं आहे. शालिनीला सांगितलं असतं तर बोलली असती, आत्ता दिसलं होय.