पाळलेली शपथ

मंडळी, आईच्या देवळात बसलोय, नवरात्र आहे, तेव्हा आज एकच प्रश्न घेऊन बसू. दिलेला शब्द पाळणं हा धर्म, हे लहानपणापासून ऐकलं. शब्दासाठी राज्य सोडणारे झाले, रानात गेलेले झाले. मान्य. पण शब्द पाळला म्हणून कुणाचं वाटोळं झालं तर? मग तो धर्म उरतो का? की त्याला दुसरं काही नाव आहे?

उत्तर मला विचारू नका. उत्तर आख्यानात आहे. आणि आख्यान पुराणातलं नाही. आपल्याच जिल्ह्यातलं, आपल्याच द्राक्षाच्या पट्ट्यातलं. नावं मी बदलली आहेत. जिनं सांगितलं, तिनंच सांगायची परवानगी दिली. म्हणाली, "बुवा, चारचौघांत सांगा. माझ्यासारख्या आणखी असतील."

नाशिकला, गंगापूर रोडच्या बाजूला राहणाऱ्या चौघी मैत्रिणी. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. निरुपमा, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. जयश्री, गाडी चालवणारी आणि तोंडही चालवणारी. उल्का, अबोल, पण खाण्यात सगळ्यात पुढे. आणि मंदाकिनी. मंदा. निरुपमाच्याच शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या त्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शिरीष आणि सून यांच्याबरोबर राहायच्या.

या चौघी महिन्यातून एकदा जयश्रीच्या गाडीत बसायच्या आणि धरणाच्या अंगाला एखाद्या द्राक्षमळ्यावर जायच्या. तिथे जेवण, गप्पा, आणि प्रत्येकीला एक ग्लास वाइन.

बघा, पेटीवाल्यांचा हात थांबला. पहिल्या रांगेतले आजोबा इतका वेळ डुलकी काढत होते, ते ताठ बसले. आजोबा, नावापुरतीच आहे वाइन, तुम्ही झोपा. आणि बायका महिन्यातून एकदा एक ग्लास घेतात म्हणून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, त्यांनी मनातल्या मनात आपला शनिवार आठवावा. मी पुढे जातो.

त्यांचा एक नियम होता. निरुपमानं घातलेला. गाडीत बसलं की घरचं काही काढायचं नाही. सून, गुडघे, रक्तातली साखर, काही नाही. हसायचं आणि परत यायचं. हेतू चांगला होता हो. जन्मभर घर वाहिलेल्या बायका. महिन्यातला एक दिवस हलक्या पाठीनं बसाव्यात. पण मंडळी, जिथे दुःख सांगायचंच नाही असं ठरतं, तिथे दुःख येत नाही असं थोडंच आहे? ते येतं, आणि गुपचूप बसतं.

एका पावसाळ्यात काय झालं, मंदाबाई गप्पांत अडखळायला लागल्या. उल्काला 'जयश्री' अशी हाक मारायच्या. मघाशी सांगितलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. चमच्याला म्हणायच्या, "ते... ते ढवळायचं दे ना." आणि जयश्री टाळी द्यायची. "मंदाला चढली. हिला अर्ध्या ग्लासात चढते बघ." सगळ्या हसायच्या. मंदाही हसायच्या. सगळ्यात जास्त त्याच हसायच्या.

दिवाळीच्या थोडं आधीची गोष्ट. निरुपमा मंदाच्या शेजारी बसली होती. आणि तिनं पाहिलं, बोलता बोलता मंदानं आपला ग्लास हळूच खाली नेला आणि शेजारच्या कुंडीत ओतला. मग रिकामा ग्लास टेबलावर ठेवला आणि ओठ पुसले.

जेवण झाल्यावर निरुपमानं तिला बाहेर पडवीत गाठलं.

"मंदा, तू पीत नाहीस?"

मंदा समोरच्या मळ्याकडे बघत राहिली. "नाही. बरेच महिने झाले."

"मग तू बोलतेस ते..."

"ते तसंच आहे, नीरू. घरीही होतं. परवा बाजारातून येताना गल्ली सापडेना. शिरीष म्हणतो, आई, लक्ष कुठे असतं तुझं? सून काही बोलत नाही, फक्त बघते. इथे तुम्ही हसता. म्हणता, चढली. मला तेवढं बरं वाटतं गं. चढलेली उतरते."

"डॉक्टरला दाखवायला हवं."

"दाखवलं की त्याला नाव मिळेल. माझ्या आईला होतं ते. शेवटी ती मला ताई म्हणायची." मंदानं निरुपमाचा हात घेतला, आपल्या डोक्यावर ठेवला. "माझी शपथ आहे. कुणाला सांगायचं नाही."

निरुपमानं शपथ घेतली. तुम्ही काय केलं असतं? मीही घेतली असती. समोर मैत्रीण उभी आहे, डोळे भरलेले आहेत, तिचं डोकं आपल्या हाताखाली आहे. तिथे कोण नाही म्हणणार?

आणि मग काय, निरुपमा शपथेला जागली. महिन्यामागून महिना गेला. मंदा अडखळली की आता निरुपमाच सगळ्यांच्या आधी म्हणायची, "चढली हिला." मैत्रिणीची लाज झाकतोय असं तिला वाटायचं. झाकत होतीच. पण काय काय झाकलं जात होतं, ते तिला कळलं नाही.

मार्चमध्ये त्या एका नव्या मळ्यावर गेल्या. द्राक्षाची तोड होऊन गेलेली, ऊन चढलेलं. जेवण झालं आणि मंदा हात धुवायला म्हणून उठली. ती आलीच नाही.

जयश्री म्हणाली, "गाडीत जाऊन झोपली असेल. आज जरा जास्तच झालीय तिला." उल्का हसली.  निरुपमाला ठाऊक होतं की मंदाच्या पोटात थेंब नाही. त्या क्षणी उठून म्हणायचं होतं, पळा, शोधा, तिला रस्ता कळत नाही. पण ते म्हटलं तर पुढचं सगळं सांगावं लागणार. ती म्हणाली, "मी बघून येते." आणि एकटीच गेली. एकटीच शोधत राहिली. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी, द्राक्षाच्या ओळीच ओळी. हाका मारून घसा बसला तेव्हा ती परत आली आणि मग माणसं पाठवली.

उन्हं उतरल्यावर मळ्यातल्या कामगारांना मंदा सापडली. ओळींच्या मध्ये बसलेली. चपला नाहीत, पायांना ओरखडे, ओठ सुकलेले. निरुपमाला बघून म्हणाली, "दार कुठाय गं? केवढा मोठा वर्ग हा. दारच नाही याला."

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही घेतलं होतं का यांनी?"

जयश्री म्हणाली, "एक ग्लास वाइन. पण डॉक्टर, हिला लगेच चढते."

मंदा पलंगावर पडल्या पडल्या निरुपमाकडे बघत होती. नुसती बघत होती. आणि निरुपमा गप्प राहिली.

मंडळी, इथे जरा थांबा. शपथ पाळली ना तिनं? पाळली. अक्षर न् अक्षर पाळली. आता शपथेचं फळ ऐका.

कागदावर लिहिलं गेलं, मद्य घेतल्यावर उन्हाचा त्रास. सलाइन लावलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. शिरीष दवाखान्याच्या दारात तिघींना म्हणाला, "माझ्या आईला पुन्हा बोलावू नका. फोनही करू नका." त्याचा तरी काय दोष? त्याला आता घरातल्या सगळ्याचा अर्थ लागला होता. आई अडखळते, विसरते, हात थरथरतो, भलतंच बोलते. म्हणजे आई पिते. घरीसुद्धा पिते, लपून पिते. त्यानं आईचं कपाट उपसलं. साड्यांच्या घड्या सोडल्या, रंगांचे जुने डबे हुंगून पाहिले. काही सापडलं नाही. मग आई फार हुशारीनं लपवते असं ठरलं. नातवाला तिच्या खोलीत एकटं पाठवणं बंद झालं.

आणि मंदाबाई? त्या एकदाही म्हणाल्या नाहीत की मी पीत नाही. विचारलं की मान खाली घालायच्या. दारुडी म्हणवून घेणं त्यांना सोसलं. ते दुसरं नाव सोसवत नव्हतं.

पुढे त्यांच्या हातून गॅस उघडा राहिला. सून वेळेवर आली म्हणून निभावलं. त्यानंतर शिरीषनं त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं.

निरुपमाला हे कळलं तेव्हा गणपती होऊन गेले होते. भाजी घेताना शिरीषची सून—चुकलो, मंदाबाईंची सून—भेटली. तिनं तोंड फिरवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत आली आणि म्हणाली, "आई केंद्रात आहेत. तुमच्यामुळे." निरुपमा भाजीची पिशवी तिथेच ठेवून थेट शिरीषच्या ऑफिसात गेली.

"शिरीष, तुझी आई पीत नव्हती."

"मावशी, आता पुरे."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ती ग्लास कुंडीत ओतायची. तिला विसरायला होतंय. तिच्या आईला होतं तसं. तिनं मला शपथ घातली होती."

 शिरीषनं एकच विचारलं. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून."

 तो गाडीची किल्ली घेऊन उठला.

केंद्रात मंदाबाई एका बाकावर बसल्या होत्या. केस विंचरलेले, पदर नीट. ही दोघं समोर उभी राहिल्यावर त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "मी मंदाकिनी. मी दारू पिते." तिथे रोज सगळ्यांनी गोलात बसून असं म्हणायचं असतं. बाकीच्यांना त्यातून बळ मिळतं. मंदाबाईंच्या रिकाम्या होत चाललेल्या डोक्यात तेवढं एक वाक्य मात्र रुजून बसलं.

शिरीष तिथेच खाली बसला. आईच्या पायांशी.

पुढे तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी निरुपमाला खोटा दिलासा दिला नाही, आणि खोटा दोषही दिला नाही. म्हणाले, "आजार बरा झाला नसता. वर्षभर आधी आणलं असतं तरी नसता. पण ते वर्ष त्यांचं असतं. काय हवं, काय नको, कुणाजवळ राहायचं, हे त्यांनी स्वतः सांगितलं असतं. नातवाला जवळ घेतलं असतं."

आता त्या तिघी महिन्यातून एकदा मंदाकडे जातात. शिरीषनंच बोलावलं. जयश्री नेहमीसारखी थट्टा करायला बघते, जमत नाही. उल्का खायला करून नेते. मंदाबाई कुणालाच ओळखत नाहीत. मुलाला ओळखत नाहीत, रंग ओळखत नाहीत. सगळं गेलं. एक तेवढं गेलं नाही. माणूस आलं की हात जोडतात, ओशाळं हसतात आणि म्हणतात, "मी मंदाकिनी. मी दारू पीत होते हो. आता सोडली."

आणि निरुपमा जवळ सरकते, तो हात हातात घेते, म्हणते, "नाही मंदा. तू पीत नव्हतीस. मी पाहिलंय."

"खरंच?" मंदाबाईंचा चेहरा उजळतो. "बरं झालं बाई सांगितलंस."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी दारू पीत होते हो. आणि पुन्हा निरुपमा, नाही मंदा, तू पीत नव्हतीस. दवाखान्यात एकदा म्हणायचं राहिलं, ते आता संध्याकाळपर्यंत म्हणते. पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन म्हणते.

मंडळी, वाइनचं काय घेऊन बसलात? त्यांच्याकडे ग्लास होता, तुमच्याकडे भिशी आहे, भजनी मंडळ आहे, सकाळचं फिरणं आहे. तिथेही कुणीतरी सगळ्यांपेक्षा जास्त हसतंय. "काही नाही, ॲसिडिटी" म्हणतंय. "पडले हो न्हाणीघरात" म्हणतंय. आणि तुम्हाला कळलेलं आहे. तुम्हीही म्हणालात, जाऊ दे, तिनं सांगू नको म्हटलंय.

शब्द माणसासाठी द्यायचा असतो. माणूस बुडत असताना शब्द कोरडा ठेवून काय करायचं? ती रागावेल. बोलणं टाकेल. टाकू दे. रागवायला ती शुद्धीत तरी असेल.

आता टाळ्या धरा, आईचं नाव घेऊ. आणि नाव घेता घेता शेजारी कोण बसलंय, तिच्या तोंडाकडे एकदा नीट बघा.