पानाच्या रंगाचा किडा

दोऱ्याच्या रंगात कधीही न चुकणारी शिंपीणबाई डोळ्यांच्या दवाखान्यात सासूचा चष्मा न्यायला बसली होती. शेजारच्या बाकावर होते, जंगलात माकडांच्या मागे फिरून नोंदी करणारा वाटाड्या आणि त्याची बायको. शिंपीणबाईचे कान आपसूकच तिकडे लागले.

"लाल-हिरवं सारखंच दिसतं म्हणे तुम्हाला! मग माकडांनी पिकलेलं खाल्लं की कच्चं, हे अठरा वर्षं वहीत कसं लिहिलंत?"

"खाली पडलेलं उष्टं फळ चावून."

"अगं बाई! आता नोकरीवर गदा आली म्हणायची."

"माकडांवर संशोधन करणाऱ्या आमच्या मॅडमना फोन केला, तर त्या हसल्याच. सातासमुद्रापलीकडच्या जंगलातल्या निम्म्याअधिक माकडांना असंच दिसतं म्हणाल्या."

"मग ती उपाशी राहतात?"

"छे! तीही चावून बघतात. आणि पानाच्या रंगाचा किडा आधी त्यांनाच दिसतो. तिथल्या जंगलाने लाखो वर्षं दोन्ही तऱ्हेचे डोळे सांभाळलेत."

"लाखो?"

"लाखो."

बायको बराच वेळ त्याच्या डोळ्यांकडेच बघत राहिली.

नवरा-बायकोचा नंबर आला. उठता उठता वाटाड्या शिंपीणबाईला म्हणाला, "ताई, ओढणीवर नाकतोडा बसलाय."

तिने ओढणी दोनदा निरखली. हिरव्या कापडावरचा तो हिरवा जीव तिला दिसला, तो उडाल्यावरच.