कार्डामागचे तीन आकडे

“हॅलो? किया ओराना… टेपाएरू बोलतेय. कोण? मावशी?”

आइतुताकी बेटावर सरोवरकाठी सुट्टीची घरं भाड्यानं देणारी टेपाएरू सावरून बसली. दरवर्षी डनीडनहून येणाऱ्या बेरिलमावशींचा पाय, नवरा गेल्यापासून, इकडे वळलाच नव्हता.

“कशा आहात?… हो, हो, ऐकतेय… मे महिन्यात? एकच घर उरलंय, टोकाचं. पण पैसे आत्ताच भरावे लागतील, दुसरं एक कुटुंब त्याच्यावर टपून बसलंय… कार्ड आहे ना हाताशी? मग… नाही, थांबा. मागचे तीन आकडे बोलू नका… अहो, मला सांगायचेच नसतात ते. आणि तुम्ही आहात कुठे?… बोलिंग क्लबात? एवढ्या मोठ्यानं?”

“नाही, लिहून ठेवणार नाही… पुढच्या वर्षासाठीही नाही. तुम्ही आपण होऊन दिलेत तरी नाही… विश्वास आहे हो तुमचा, म्हणूनच तर. कुणाच्या हाती लागले तर तो तुमच्या नावावर मजा मारेल… ऐका ना, मी इथे एक बटण दाबते. तुम्ही कार्डाचे आकडे फोनवरच दाबा. मला नुसतं टूं टूं ऐकू येईल, दिसणार काहीच नाही… हो, दाबा.”

टूं टूं संपलं. टेपाएरूच्या संगणकाच्या पडद्यावर लाल अक्षरं आली.

“नाही झालं, मावशी… तीन की आठ?… चष्मा घरी? मग आता?… मरे दाबेल? कोण हा मरे?… भला असेल हो, पण कार्ड असं कुणाच्याही हातात… कोण?… परत सांगा.”

टेपाएरू उभीच राहिली.

“लग्न? तुमचं?… त्या घराच्या अंगणात?… अहो, मग आधी नाही का सांगायचं, मी आपली पोलिसासारखी बसलेय… द्या, त्यांनाच द्या. सावकाश दाबा म्हणावं. आणि तोंडानं वाचायचं नाही.”

पुन्हा टूं टूं. मग हिरवी खूण.

“मिळालं घर. तुमचंच… रडू नका… मी कुठे रडतेय?… जेवणाचं मी बघते. नारळाच्या दुधातली मासळी, इका माता, रुकाउची पालेभाजी, सगळं. फुलांचे मुकुट आई करेल, अख्ख्या वाडीला कामाला लावेल ती… काय? साक्षीदार म्हणून सही? मी?… अहो, तुमच्या गोतावळ्यातलं कुणी…”

पलीकडे बेरिलमावशी बराच वेळ बोलत राहिल्या. नवरा गेला तेव्हा बाकीचे फुलं पाठवून मोकळे झाले. फोन धरून जी त्यांना पोटभर रडू देत बसली, तिचीच सही हवी, असं त्या म्हणत होत्या.

“करते… हो, मावशी, करते… आणि मरेंना सांगा… हॅलो?… हॅलो?”

फोन कटला होता. टेपाएरू तो हातात तसाच धरून, आईला हाका मारत, अनवाणीच बाहेर धावली.