अम्ब्रोसीकाकांना जिवंत ठेवणाऱ्या बाई

अध्यक्ष मुख्याध्यापिका लामारा मॅडम, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती त्सिआलाबाई, आणि स्वयंपाकाचा वास आल्यापासून माझ्याकडे रागानं बघणाऱ्या ग्रामस्थहो,

मी शाल्वा. सातवी नापास. चाळिशीत बाईंच्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात बसलो, कारण माझी वाईन लंडनला पाठवायची होती. बाई फळ्यावर दोन वाक्यं लिहायच्या. धिस इज माय हाऊस. धिस हाऊस इज ओल्ड. "जोड, शाल्वा. एकही शब्द फुकट नको." मी जोडायचो : धिस इज माय ओल्ड हाऊस. बाई म्हणायच्या, "बोलतोस मात्र अजून दुप्पट."

मग लंडनचे दोन व्यापारी आले. रांजणांतली वर्षभराची वाईन त्यांच्या होकारावर अडकलेली. मेजवानीचे तामादा अर्थात आमचे अम्ब्रोसीकाका. प्याला कुणाच्या नावानं उचलायचा ते तेच सांगणार. मी दुभाषा. समोर बाई. मग शिकलेलं दाखवायला नको?

काका उठले. "हा प्याला आपल्यातून गेलेल्यांसाठी!" त्यावर ते पाऊण तास बोलले. मृतांसाठी पावावर थेंबभर वाईन सांडायची, हेही करून दाखवलं. लगेच पुढचं : "आणि हा, इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसाठी!"

पाहुणे कंटाळलेले. मी दोन्ही जोडून एकच वाक्य केलं, शब्द सहा : धिस इज फॉर अवर डेड एल्डर्स. थोरला व्यापारी गंभीरपणे उठला, काकांसमोर आला, मान खाली घातली, आणि त्यांच्याच पावावर वाईन सांडली.

काका पावाकडे बघत राहिले. "शाल्वा, मी कधी गेलो रे?"

"काका, ते..."

"आणि मला कळवलंही नाहीस!"

काकांनी टोपी घातली. तामादा निघाला की मेजवानी संपली, मंडळी. वाईनही गेली. मी बाईंकडे पाहिलं. त्या पुटपुटल्या, "गाढवा, प्रत्येकाला वेगळा प्याला असतो." मग उभ्या राहून इंग्रजीत खणखणीत म्हणाल्या, "अम्ब्रोसी जिवंत आहेत. अम्ब्रोसी फार, फार जिवंत आहेत."

"काय म्हणाली ही?" काकांनी विचारलं. मी सांगितलं.

"दोनदाच फार?"

बाईंनी तिसरा जोडला. व्यापाऱ्यांनी माफी मागून प्याले रिकामे केले. काकांनी टोपी काढली, अन् स्वतःच्या तब्येतीवर तासभर बोलले. सौदा झाला.

बाई, फळ्यावर तुम्ही शब्द वाचवलेत. त्या दिवशी उधळलेत, म्हणून मी आज उभा आहे. मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. काही राहून गेलं असेल तर चिंता नको, अम्ब्रोसीकाका उठतायत.

बसून घ्या, मंडळी. जेवायला वेळ आहे.