पहाटेचे थर

सम्यक : मग आज पहाटे आमच्या गॅलरीत कोण होतं?

सिद्धेश : मला काय माहीत? मी झोपलो होतो यार.

सम्यक : सिद्धू, मी जागा होतो.

(कांदिवलीतल्या एका जुन्या इमारतीची गच्ची, रविवारची दुपार. पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोघं बसलेत. पहिलीपासून एका बाकावर बसलेली ही दहावीची पोरं आज मध्ये हातभर जागा सोडून बसली आहेत, आणि ती जागा सम्यकला सारखी टोचते आहे. खाली गॅलरी-गॅलरीला एकसारखा झेंडा; दुसऱ्या मजल्यावरची सम्यकच्या घरची तेवढी मोकळी. गल्लीत चिटपाखरू नाही.)

सिद्धेश : जागा होतास तर विचारतोस कशाला?

सम्यक : तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

सिद्धेश : होतो मी. झालं समाधान?

सम्यक : आधी वाटलं स्वप्नच आहे. रेलिंगवर दोन हात आले, मग डोकं आलं. आवाज म्हणून नाही. तू उतरल्यावर मी रेलिंगच्या फटीतून खाली बघितलं. आपलं अख्खं गोविंदा पथक उभं होतं. पाच थर. दहीहंडीला लावतो तसेच, पण एक जण बोलत नव्हता.

सिद्धेश : नितेशदादा बोलला, शिट्टी नाय, ओरडायचं नाय. फक्त त्याच्या हाताकडे बघायचं.

सम्यक : आपण सराव करायचो तेव्हा लोक खिडक्या लावून घ्यायचे, इतका आरडाओरडा असायचा.

सिद्धेश : आवाज नसला ना की भलतंच वाटतं. सगळ्यांचे श्वास ऐकू येतात, एकदम. माणसांवर नाय, कुठल्यातरी एकाच मोठ्या अंगावर चढतोय असं वाटतं.

सम्यक : आणि वर आल्यावर?

सिद्धेश : वर काय असतं? झेंडा बांधायचा नि उतरायचं.

सम्यक : तू लगेच नाही उतरलास. माझ्याकडे बघत राहिलास.

सिद्धेश : रोज बघतो.

सम्यक : रोज?

सिद्धेश : दिवसा तू भेटतोस कुठे? क्लासला पण मागच्या रस्त्याने जातोस.

सम्यक : का जातो ते तुला माहीत आहे. झेंडेवाल्या मोर्च्याच्या दिवशी दुकानं फुटली तेव्हापासून नाक्यावरची पोरं मला बघून गप्प होतात. मी ज्यांना खांद्यावर घेतलं, तीच पोरं.

सिद्धेश : मग लावून टाका ना एकदाचा. कापड तर आहे. विषय संपेल.

सम्यक : आमच्या घरावर काय लावायचं ते आम्ही ठरवणार, म्हणतात बाबा. आणि शेजारच्या काशीरामकाकांनी लावला तेव्हा संपला का विषय? इतक्या उशिरा का लावला, म्हणून विचारायला आलेच ना? आता ते वांद्र्याला लेकीकडे राहतात. बंद घरावर झेंडा फडकतोय.

सिद्धेश : तुम्ही रोज काढता त्या झेंड्यांचं काय करता? दादा विचारत होता.

सम्यक : आई घड्या घालून कपाटात ठेवते. झेंडा आहे, कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणते. तिच्या साड्या बाहेर आल्या आता.

सिद्धेश : काकू पण ना.

सम्यक : पण तूच का? चढणारी दुसरी पोरं आहेत की.

सिद्धेश : दादा बोलला, दोस्त तुझा, तर तूच लावायचा. नाय बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी आमच्या गॅलरीखाली थर लागले असते.

सम्यक : तुमच्याकडे तर पहिल्या दिवसापासून झेंडा आहे.

सिद्धेश : म्हणून काय झालं?

सम्यक : उद्या येऊ नकोस, सिद्धू.

सिद्धेश : अरे, आता तर सांगितलं ना तुला...

सम्यक : ऐक. बाबांनी मघाशी रेलिंगला ग्रीस लावलंय. साकीनाक्याच्या कामावरून काल डबाच आणला. वरून, बाहेरून, सगळीकडे. हात ठेवलास की सटकणार तू.

सिद्धेश : काकांनी?

सम्यक : त्यांना वाटतं कोणी बाहेरचा चढतो. पडला तर पडू दे, म्हणाले. एकदम शांतपणे. मग हात धुऊन जेवायला बसले, मला वाढलं. मला भीती वाटली रे. तुमची नाही, बाबांची.

सिद्धेश : त्यांना सांग मी आहे म्हणून.

सम्यक : सांगितलं तर तडक तुझ्या घरी येतील. मग नितेशदादाला कळेल.

सिद्धेश : नको. तसं नको.

सम्यक : ताप आलाय म्हणून सांग ना.

सिद्धेश : मग दुसऱ्याला चढवतील आणि तो पडेल. तिसऱ्या थरात तुझ्या जागी राजेश असतो, त्याचे खांदे लटपटतात. सावरायचा नाय तो कोणाला. मी दादालाच सांगू का ग्रीसचं?

सम्यक : सांग. मग ते गॅलरीत थांबतील?

सिद्धेश : नाय. मग दारातून येतील.

सम्यक : बाबा झोपले की पुसून टाकतो मी.

सिद्धेश : मग झेंडा लागणार.

सम्यक : लागू दे.

सिद्धेश : काकांना कळलं तर, सम्या?

सम्यक : कळेलच. ग्रीसचा वास हाताला राहतो.

सिद्धेश : मी खिडकीशी आलो की हळूच हाक मारू? खालच्यांना ऐकू नाय जाणार.

सम्यक : नको.

सिद्धेश : मग आपण बोलायचं कधी?

सम्यक : तू नीट उतर. मी झोपलेलाच असेन.