पांढऱ्या बाहीच्या पताका

शाळेतल्या झेंडावंदनाचा आदला दिवस. कापडाच्या दुकानात रांग लागली होती. बटणं घ्यायला आलेल्या शिंप्याच्या पुढेच एक नणंद-भावजय उभ्या होत्या, आणि दोघींना हसू आवरत नव्हतं.

"हसू नका हो वन्सं! नवाकोरा शर्ट होता यांचा!"

"मला काय ठाऊक, वहिनी? पताकांना पांढरं कमी पडतंय म्हणालात. खुर्चीवर पांढरं दिसलं, चालवली कात्री."

"तीस वर्षं शाळेत शिपाई होते हे. झेंड्याची दोरी यांनी बांधायची आणि ओढायची दुसऱ्यानं. उद्या पहिल्यांदाच मान यांना मिळालाय, आणि तुम्ही त्यांची बाहीच कापलीत!"

"एकच कापली."

"फार उपकार झाले!"

"अकरा पताका झाल्या पण. किती सुरेख दिसतायत!"

"अहो, एकीवर बटण आहे!"

शिंप्यानं खोकला आल्यासारखं करून तोंडावर रुमाल धरला.

"तसंच कापड मिळालं तर रात्रीच्या आत बाही जोडू. अगंबाई, दादाचा फोन!"

"तुम्हीच घ्या. मी इथे नाहीच."

"हॅलो दादा... सापडला का शर्ट? ...हो, मीच रे."

"ओरडतायत का?"

"थांबा हो... बरं. बरं, आणते."

"काय म्हणाले? सांगा की!"

"म्हणतोय, दोन्ही हात सारखे दिसायला हवेत. दुसरी बाही त्यानंच कापली. आता कापड नको, दोरा आणा म्हणतोय, बावीस पताका ओवायच्यात."