प्रश्न सातवा

नाही, नाही, बोलू नका, आधी बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय अधू आहे, माझ्यासारखाच — इथे पलंगावर बसा. पंखा लावते. एकशे बारा झाल्या ना? पायऱ्या हो! मोजल्या नाहीत? सगळे मोजतात. पाणीखात्याचे साहेब म्हणजे तर मोजणारच, असं धरून चालले होते मी. असू दे, श्वास घ्या सावकाश, मी बोलते, तुम्ही ऐका. माझं तोंड आणि हात बरोबरच चालतात — या शर्टांची काजं-बटणं संध्याकाळपर्यंत द्यायचीत. वाटेत तो पाइप दिसला का, एकतिसाव्या पायरीपाशी, तोंडाला टोपण घातलेला? दिसला म्हणजे काय, तुम्ही त्याच्यावरच टेकला होता मघाशी, मी खिडकीतून बघितलं. टेका हो, सगळेच टेकतात. दोन वर्षं झाली, तुमच्या खात्याचं पाणी तिथवर आलं आणि दम लागून थांबलं. तुम्ही निदान वरपर्यंत तरी आलात.

कागद कशाला काढता, पाठ आहेत मला दोन्ही. हा पहिला सर्व्हेचा, दोन वर्षांपूर्वीचा — टेकडीवरच्या आमच्या वरच्या ओळीतली शंभर घरं, सातवा प्रश्न, ‘घरात पाणी आहे का’, आणि ‘आहे’ म्हणणारी ब्याण्णव. हा दुसरा, गेल्या महिन्यातला — तीच घरं, तोच प्रश्न, आणि ‘आहे’ म्हणणारी... ते सांगते नंतर. आता तुमचे मोठे साहेब म्हणतायत की दोन्हींतला एक कागद खोटा, कुठला ते जाऊन बघून या. बरोबर ना? अहो, खोटा कुठलाच नाही. पहिल्या वेळी युनिव्हर्सिटीतली ती चष्मेवाली आली, हातात पाटीएवढं यंत्र, उन्हातून चढून लालेलाल झालेली, आणि दारात उभी राहून मला विचारते, ‘मावशी, घरात पाणी आहे का?’ आता तुम्हीच सांगा — दारात आलेलं माणूस, घाम पुसतंय, आणि विचारतंय घरात पाणी आहे का! काय सांगणार? ‘आहे की, ये, बस’ — आणि ग्लास भरून पुढे. ती प्यायली, यंत्रात ‘आहे’वर बोट ठेवलं, गेली शेजारच्या घरी. तिथेही ग्लास. संध्याकाळपर्यंत बिचारीचं पोट डुचमळत असणार. आणि खोटं कुठे बोललो आम्ही? खालच्या नळावरून डोक्यावर चढवलं की पाणी घरातच येतं. कोणी चढवलं, कितीदा चढवलं, कोणाचा गुडघा गेला, ते लिहायला तिच्या यंत्रात जागाच नव्हती. संडासाचं तेच. ‘संडास आहे का?’ आहे. खाली, सहा दारं, त्यातल्या दोनांनाच कड्या. पण आहे!

मग तुमच्या खात्याने तो कागद वाचला, म्हटलं वरच्यांच्या घरात पाणी आहे, आणि पाइपाला टोपण घातलं. तुमच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं, तुम्हाला बोल लावत नाही. पण ती चष्मेवाली परत आली, साहेब! कोण येतं परत? इथेच बसली, तुम्ही बसलाय तिथे, चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाली, ‘मावशी, चूक माझी. मला प्रश्न विचारताच आला नाही. तुम्ही सगळ्या मिळून शिकवाल का?’ शिकलेलं माणूस चूक माझी म्हणतंय! आमच्या ह्यांनी बत्तीस वर्षांच्या संसारात एकदा म्हटलं नाही. तेव्हापासून दर शनिवारी शेजारच्या शिलाईवालीच्या खोलीत बसतो आम्ही, मशीन भिंतीला सरकवून — पाच आम्ही आणि तिघं त्यांचे. आणि काय भांडलो! एकेका प्रश्नावर दोन-दोन शनिवार. मी म्हटलं, हा सातवा प्रश्न आधी फेकून द्या. ती म्हणाली, नाही, तो शब्दसुद्धा न बदलता ठेवायचा, नाहीतर दोन कागद शेजारी ठेवून बघणार कसे? मला पटलं. मग आम्ही त्याच्या पुढे आपले प्रश्न घातले — काल पाणी कोणी आणलं? किती खेपा? आत्ता हंडा दाखवाल? शिलाईवालीने घातला तो प्रश्न तर त्यांना सुचलाच नसता जन्मात: ‘दुपारनंतर पाणी पिता का?’ चष्मेवाली विचारते, म्हणजे काय? आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघून हसायला लागलो. अगं, चार वाजल्यानंतर प्यायलं की अंधारात संडासाला एकशे बारा उतरायला लागतात! त्यापेक्षा नाही प्यायचं. मी तर सकाळीच काय ते पिते, मला तहानच लागत नाही आता. आम्ही हसत होतो आणि तिने पेन खाली ठेवलं. शंभरातल्या एक्क्याऐंशी घरांतल्या बायका दुपारनंतर पाणी पीत नाहीत, लिहिलंय बघा तुमच्या कागदावर, मागच्या बाजूला. आम्ही मोजलंय ते.

हे बघा, माझं कार्ड. ‘सहसंशोधक’. फोटो बघू नका, चोरी करताना पकडल्यासारखा आलाय. शिलाईवाली मला चिडवते, म्हणते काजं करता करता तुम्ही संशोधन काढलंत. एकेचाळीस घरं मी एकटीने विचारली. पण नियम होते हं आमचे, कडक. विचारायला जायचं तर पाहुणी म्हणून जायचं नाही, आपली बाटली आपण न्यायची, प्रश्न संपेपर्यंत कोणाच्या घरचा घोटसुद्धा नाही. माणूस बोलेल तेच लिहायचं, आपल्याला ठाऊक आहे ते नाही. लिहिलेलं खोडायचं नाही, एक रेघ मारून बाजूला लिहायचं आणि सही. आणि आपल्या घरचा कागद आपण नाही भरायचा, दुसरीने भरायचा. माझा शिलाईवालीने भरला.

...हो. बघितलं मी, केव्हाचं बोट ठेवून बसलायत त्याच्यावर. लाल गोल केलाय तुम्ही. शंभरातली नव्व्याण्णव घरं ‘नाही’ म्हणतायत, एकच घर म्हणतंय ‘आहे’, आणि ते निघालं संशोधकीणबाईंचं! म्हणूनच नेमके माझ्या घरी चढून आलात, मला काय कळत नाही? तुमचे साहेब म्हणत असतील, त्या बाईकडे आहे म्हणजे वर कुठेतरी पाणी आहे, बाकीच्या शिकवून ठेवलेल्या. हसू नका. म्हणजे हसा, मलाही हसू येतं, पण कागद तिथेच अडलाय ना माझ्यापायी.

कसं झालं? काय सांगू कसं झालं. सून असती तर तिने दिली असती उत्तरं, चटपटीत आहे. ती आईकडे गेलीये, विश्रांतीला. सातवा महिना आहे. नाही, सातवा लागला तेव्हा नाही गेली, तिसऱ्यातच गेली — पायऱ्यांवरून पडली ती, त्या पाइपाच्या जरा वरती, डोक्यावर हंडा होता. मनगट मोडलं. बाळ ठीक आहे, दोघं ठीक आहेत. भांडण नाही हो आमचं! रोज फोन करते. फक्त जाताना म्हणाली, ‘आई, मी रागावले नाहीये. पाणी घरात आलं की मी घरात येते.’ एवढंच. मुलगा दर रविवारी जातो तिकडे, सोमवारी येतो तो एक शब्द बोलत नाही. आणि तो काय बोलणार — त्याला ठाऊक आहे ना सगळं.

काय ठाऊक आहे म्हणजे... तुम्ही पण ना, एवढंसं विचारून माणसाकडून काढून घेता. त्या चष्मेवालीलासुद्धा सांगितलं नाही मी हे. पहिला सर्व्हे झाला ना, त्याच महिन्यात मुलाचं जमत होतं. मुलीची आई खाली रस्त्यावर भेटली, वर चढवेना तिला, तिथेच उभ्या उभ्या सगळं विचारलं. नोकरी? आहे. खोली स्वतःची? आहे. पाणी? मी म्हटलं, ‘घरात आहे की.’ अगदी हाच शब्द. दोन दिवसांनी कळलं की सर्व्हेवाले येणार. मी म्हटलं, झालं, आता वरच्या ओळीत पाणी नाही असं छापून येणार, मुलीची आई वाचणार. तेव्हा मी घरोघरी फिरले, साहेब. एकेका दारात उभी राहून सांगितलं — बायांनो, पाहुण्यांसमोर लाज काढू नका, तुमच्या घरीही लग्नाचे मुलगे आहेत, पाणी नाही म्हटलं तर इथे मुलगी देणार कोण? सगळ्यांना पटलं. ब्याण्णव जणींना पटलं. ती पोर दोन वर्षं म्हणतेय की प्रश्न चुकीचा होता, चूक माझी, चूक माझी, आणि शनिवारी खोलीत बसलेल्या पाचही जणींना ठाऊक होतं कोणाची चूक ते. एकीनेही माझं नाव घेतलं नाही. मीही नाही घेतलं. माझ्यामुळे तो पाइप खाली थांबला आणि माझीच सून त्याच्यावर येऊन पडली. हे मला रात्रंदिवस टोचतं, साहेब, कितीही बडबड केली तरी.

मग गेल्या महिन्यात शिलाईवाली माझा कागद भरायला बसली. सातवा प्रश्न. एकेचाळीस घरांत मी तोच विचारून आलेले. ती पेन घेऊन बघतेय माझ्याकडे, आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘आहे.’ जीभच तशी वळलीये. तिने पेन टेकवलं नाही, मला उत्तर बदलायची संधी देत होती. मी बटणं शिवत राहिले. मग तिने लिहिलं. नियम आहे ना — बोलेल तेच लिहायचं.

खोकू नका, खोकू नका, थांबा — पाणी देते. हे बघा. बघा कसा माझा हात गेला ग्लासाकडे! मघापासून तुम्ही त्या माठाकडे बघताय, मला दिसत नाही का. झाकणावर ग्लास पालथा, लखलखीत घासलेला — वाटतं, भरलेलाच असणार. तो ग्लास मी तसाच ठेवते, कोण कधी दारात येईल सांगता येत नाही. हे काढलं झाकण. या, आत हात घाला. घाला हो. कोरडा ना? काल खाली नळाची पाळी होती, मला दोनच खेपा झाल्या या गुडघ्याने. एक भांड्यांना नि मुलाच्या आंघोळीला गेली, दुसरी स्वयंपाकाला नि त्याची बाटली भरून आज सकाळी संपली. आता उद्या.

पेन आहे ना तुमच्याकडे? खोडू नका, रेघ मारा त्या ‘आहे’वर. बाजूला लिहा. मी सांगते तसं लिहा. घरात पाणी — थांबा, एक मिनिट थांबा. पाहुणा समोर बसलाय आणि कसं म्हणू — घरात पाणी नाही. हां. नाही. लिहिलंत? वाचून दाखवा. बरं. द्या इकडे, सही करते.

आता उतरा सावकाश, भिंत धरून. घसा फारच कोरडा पडला असेल तर खालच्या गल्लीत कुठलंही दार वाजवा, ग्लासभर देतील. त्यांच्या घरात आहे. या आता.